दारात उभा राहणारा माणूस

सकाळी सहाला घरातून निघताना आम्हाला दोन गोष्टी लागतात, डबा आणि सब्र. डबा विसरला तर वडापाववर भागतं. सब्र विसरलं तर मुंब्रा स्टेशनवर गाडीत चढता येत नाही.

आमच्या स्टेशनात गाडी येते, जागा येत नाही. कर्जत, कसारा, बदलापूरहून निघालेली लोकल कल्याण-डोंबिवलीलाच भरलेली असते. बायकांच्या डब्यात आधी एक पाय, मग पर्स, मग बाकीच्या आम्ही. आत शिरल्यावर पहिला सवाल, "कुठे उतरणार?" कुर्ल्याची बाई सापडली की तिच्या सीटवर नजर ठेवून उभं राहायचं. तिघींच्या बाकावर अर्धवट टेकायला चौथी सीट मिळाली तरी तोंडातून अल्हम्दुलिल्लाह निघतं. त्याच वेळी पुरुषांच्या डब्यांच्या दारात आमचेच शौहर, भाऊ आणि मुलगे एका हातानं दांडा धरून उभे असतात.

हा प्रवास कुणी हौसेनं निवडलेला नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबं मुंब्र्यात येऊन राहिली. घर इकडे आलं, रोजी तिकडेच राहिली. कुणाची मशीद बंदरला, कुणाची भायखळ्याला, कुणाची कुर्ल्याला. दोन्ही टोकं जोडणारी ही एकच लोकल. ती चुकली की अर्ध्या दिवसाचा पगार गेला.

९ जून २०२५ चा सोमवार आम्ही विसरू शकत नाही. बकरीदचा तिसरा दिवस होता. शाळा अजून उघडायच्या होत्या, म्हणून आम्ही घरी होतो. सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूनं जात असताना दारातले प्रवासी खाली पडले. त्याच दिवशी चौघांचा मृत्यू झाल्याचं कळलं, अनेक जण जखमी होते. आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर फोन वाजू लागले. ज्यांचा फोन लागत नव्हता, त्यांच्या घरात जेवण कुणाच्या घशाखाली उतरलं नाही. आमच्या घरचं माणूस दुपारी सुखरूप परतलं. सगळ्यांच्या नशिबी ते नव्हतं.

संध्याकाळी टीव्ही लावला. एका वाहिनीवर चर्चा चालली होती की लोक दारात लटकतातच कशाला? कुणी पाठीवरच्या बॅगांना दोष दिला, कुणी तरुणांच्या स्टंटबाजीला. एवढी माणसं दारात का होती, हे विचारायला वेळ उरला नाही. तोवर खानदानाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. दोन मुलं गाडीबाहेर लटकून कसरती करत होती आणि खाली लिहिलं होतं, "मुंब्र्याच्या अपघाताचं खरं कारण." नीट पाहिलं तर त्यात स्टेशनही आमचं नव्हतं. तरी तो पाठवणारा आमचाच भाचा होता.

स्टंट करणारी मुलं आहेत, हे आम्ही नाकारत नाही. आमच्या मोहल्ल्यातही आहेत आणि त्यांचे कान धरणं आपलंच काम आहे. पण त्या दोन मुलांच्या नावावर पोटासाठी लटकणाऱ्या हजारोंना गुन्हेगार ठरवणं हा इन्साफ नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं दगावतात. कुणी रूळ ओलांडताना, कुणी गाडीतून पडून. रोजच्या पाच-सहा मौतींची बातमी होत नाही. चार जण एकदम गेले की होते, आणि तीही मेलेल्यालाच जाब विचारते.

शाळा उघडल्यावर वर्गात वर्तमानपत्र वाचनाचा तास होता. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "टीचर, यात लिहिलंय की लोक हौसेनं दारात उभे राहतात. माझे अब्बू पण दारात उभे राहतात. त्यांना तर उंचीची भीती वाटते." वर्गात कुणी हसलं नाही.

त्या मुलीला जे सांगितलं तेच इथं सांगतो, कारण प्रत्येक घराला ते माहीत असायला हवं. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १२४-अ खाली प्रवाशाचं गाडीतून चुकून पडणं भरपाईस पात्र ठरतं, मग रेल्वेची चूक असो वा नसो. मृत्यू झाल्यास ही रक्कम आठ लाख रुपये आहे. आत्महत्या, स्वतःहून करून घेतलेली इजा, गुन्हा किंवा नशा असेल तर ती मिळत नाही. चढता-उतरताना पडलेल्याच्या निष्काळजीपणावर बोट ठेवून भरपाई नाकारता येत नाही आणि मृतापाशी तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलं. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात एका वर्षाच्या आत करावा लागतो. "पोरगं लटकत होतं, आता कुठल्या तोंडानं मागायचं?" असं म्हणून किती बेवा आणि किती माँ-बाप गप्प बसत असतील! बातमीनं दिलेली शरम त्यांच्या हक्काच्या आड येते.

आणि आपलं काय? खबर आली तर आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कुणावर जुलूम होईल, ही सूरह हुजुरातची ताकीद आपण लहानपणापासून ऐकतो. ती वृत्तवाहिन्यांना लागू आहे तशीच आपल्या अंगठ्यालाही. भाच्याला फोन करून आम्ही एवढंच म्हणालो, "बेटा, यातली मुलं कोण, स्टेशन कुठलं, दिवस कोणता, सांग." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानं व्हिडिओ काढून टाकला आणि ग्रुपवर माफीही मागितली.

त्या तासानंतर मुलांना घरचा अभ्यास दिला की आपल्या घरातून रोज गाडीनं जाणाऱ्या माणसाची बातमी लिहून आणा. त्याच मुलीनं चार ओळी लिहिल्या. अब्बू किती वाजता उठतात, किती गाड्या सोडून देतात, कधी परत येतात. शेवटची ओळ होती, "आत जागा मिळाली तर ते आत उभे राहतील."

बातमी यालाच म्हणायचं. आपल्या घराघरांत अशा कितीतरी बातम्या आहेत. त्या लिहा, वर्तमानपत्रांच्या वाचक-पत्रांत पाठवा, मराठीतून पाठवा. आणि उद्या सकाळी घरातून निघणाऱ्याला एवढं जरूर सांगा, "उशीर झाला तर होऊ दे, पुढची गाडी पकड."