गरम करा, मग शिस्त लागते!

ओझरहून बोलतोय, मध्येच विमानाचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आपल्या पायाखालचा काळा दगड, बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन बनला. त्यात लोहखनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा गरम होता तेव्हा त्यांच्या चुंबकत्वाला धड दिशाच नव्हती. थंड होताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तेव्हाची दिशा त्यांच्यात गोठली. सह्याद्रीतल्या बऱ्याच थरांवरून कळतं, की तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे होते. भारी ना?

पण हे कण दगडात विखुरलेले, म्हणून ते पृथ्वीचं ऐकतात. खेटून मांडले तर शेजाऱ्याचंही ऐकावं लागेल.

अमेरिकेत पीटर शिफर यांच्या गटानं २००६ मध्ये तसंच मांडून बघितलं. निकेल-लोखंडाचे २२० नॅनोमीटर लांब, ८० रुंद तुकडे, चौकटीच्या कागदावरच्या रेघांसारखे. प्रत्येक तुकडा एक चुंबक आणि प्रत्येक चौकात चार टोकं समोरासमोर. शाळेतली पट्टीचुंबकं घेऊन बघा, चौघांचंही समाधान होतच नाही. त्यातल्या त्यात बरी तडजोड म्हणजे समोरची टोकं सारखी, शेजारची विरुद्ध. सगळ्या चौकांत ती जमली तर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी दिसायला हवी.

त्यांनी बाहेरून चुंबकीय क्षेत्र फिरवून तुकड्यांना हलवलं. बरेच चौक जमले, पण सलग पट काही झाला नाही. एवढ्या तुकड्याला उलटवायला खोलीतली उष्णता पुरत नाही, त्यामुळे एकदा चुकला की चुकलाच.

२०११ मध्ये इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठातल्या लोकांना वाट सापडली. धातूचा थर चढत असताना तुकडे आधी पातळ असतात, तेव्हा खोलीच्या उष्णतेनंही उलटसुलट होतात. जाडी वाढून गोठण्याआधीच शेजाऱ्यांशी जुळवून घेतात! मोठमोठ्या भागांत नक्षी पूर्ण. पुढे २०१३ मध्ये शिफर यांच्या गटानं तयार तुकडे तापवून, हळूहळू थंड करूनही ती मिळवली.

मी लॅपटॉपवर याचा कोड लिहिला. आधी नियम ठेवला, ऊर्जा कमी होत असेल तरच चुंबक उलटवायचा. दोन मिनिटांत सगळं अडकलं. मग तापमान घातलं, म्हणजे अधूनमधून तोट्याची उलटीही चालेल, आणि तापमान सावकाश उतरवलं. रात्रभर चालवून सकाळी बघतो तर पट जवळजवळ पूर्ण, फक्त मधोमध एक वाकडी रेघ. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. एक बाजू एक घर सरकली होती, बस.