शेवटच्या वर्षाचं टेन्शन वहीत उतरवा
उधारी डोक्यात ठेवणारा दुकानदार रात्रभर कूस बदलतो. वहीत लिहिणारा झोपतो. उधारी मात्र दोघांची तेवढीच! शेवटच्या वर्षाचंही तसंच. प्रोजेक्ट, राहिलेली एटीकेटी, प्लेसमेंट, घरच्यांचं ‘पुढे काय?’ हे सगळं आज एका पानावर उतरवा. प्रत्येकापुढे दोनच गोष्टी लिहा: शेवटची तारीख आणि उद्याचं अर्ध्या तासाचं काम. ‘नोकरी लागेल का?’ याला तारीख नसते. तिथे ‘उद्या एक अर्ज’ एवढंच लिहा. ते पान आईबाबांनाही दाखवा. तुमचं काय चाललंय हे कळलं, की त्यांचं विचारणंही कमी होतं. आणि इतकं करूनही झोप उडालेली असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर थांबू नका. १४४१६ ला फोन लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास. चला, वही काढा!