उमेदवार-निवड आणि घाटकोपरचा कार्यकर्ता

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी ज्या प्राथमिक निवडणुका होतात, त्यांत सामान्य समर्थक स्वपक्षातीलच दुसऱ्या इच्छुकाविरुद्ध घरोघर प्रचार करतो आणि शेवटी स्वतः मतही देतो. आपल्याकडे प्रचाराचे कष्ट कार्यकर्त्याचे; निवड मात्र श्रेष्ठींची.

या तफावतीचा प्रत्यय घाटकोपर पूर्व मतदारसंघात आला. १९९० पासून सलग सहा वेळा तेथून भारतीय जनता पक्षाचे प्रकाश मेहता विधानसभेवर निवडून गेले होते. २०१९ मध्ये पक्षाने त्यांच्याऐवजी पराग शहा यांना उमेदवारी दिली, तेव्हा मेहता-समर्थकांचा रोष रस्त्यावर उतरला व शहा यांच्या मोटारीची काच फुटली. अशा वर्तनाचे समर्थन कोणीही करणार नाही. परंतु नापसंती नोंदविण्याचा कोणता विधिवत् मार्ग या समर्थकांना उपलब्ध होता, हेही अभ्यासकाने पाहिले पाहिजे. पुढे शहा निवडून आले, २०२४ मध्ये पुन्हा आले. श्रेष्ठींचा अंदाज खरा ठरला, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

याउलट प्रयोग महाराष्ट्रात झालाच नाही असे नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेसने प्राथमिक निवडणुकीसाठी निवडलेल्या मोजक्या मतदारसंघांत वर्धा व लातूर हे दोन होते. दोन्ही जागा पक्षाने गमावल्या. परंतु पराभवापेक्षा मतदारयादी अधिक बोलकी आहे: तीत प्रामुख्याने पदाधिकारी व प्रतिनिधी होते. चाळीच्या जिन्यावर मतदारचिठ्ठ्या वाटणारा कार्यकर्ता त्याही यादीबाहेरच राहिला.