साठ हजारांत कॅमेरा घेताना

शाळेचं स्नेहसंमेलन झालं की त्याच रात्री पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शंभर-दीडशे फोटो येऊन पडतात. त्यातून आपलं मूल शोधणं हे एक कामच असतं. सापडलं तर चेहऱ्यावर स्टेजच्या दिव्याचा नुसता पांढरा डाग असतो, नाचणारे हात फडक्याने पुसल्यासारखे आलेले असतात आणि पुढच्या रांगेतल्या काकांचं डोकं मात्र अगदी स्पष्ट असतं. मग जेवताना विषय निघतो, ‘एक चांगला कॅमेरा घेऊनच टाकू या का?’

घ्यायला काहीच हरकत नाही. पण पन्नास-साठ हजार ही रक्कम साध्या नोकरदार घरात सहज बाजूला पडत नाही. त्यातच फ्रिज असतो, मुलांची फी असते, आईच्या गुडघ्याचा खर्च असतो. शिवाय हौसेने आणलेला कॅमेरा दोन सहली करून कपाटात कायमचा मुक्कामाला गेल्याची उदाहरणं तुमच्याही ओळखीत असतील. म्हणून कुठला कॅमेरा, याआधी एक प्रश्न विचारा, फोन नेमका कुठे कमी पडतोय?

फोन कधी पुरतो, कधी नाही

दिवसाउजेडी काढलेले फोटो, जेवणाची ताटं, देवळाबाहेरचा ग्रुप फोटो, प्रवासातले डोंगर यांसाठी आजचा बरा फोन पुरेसा आहे. स्टेटस आणि रील्ससाठी तर तो कॅमेऱ्यापेक्षा सोयीचा आहे. तुमचे दहातले नऊ फोटो असेच असतील, तर कॅमेऱ्याचा विचार सोडा आणि त्या पैशांत घरच्यांना घेऊन कुठेतरी फिरून या.

फोन अडतो तो तीन ठिकाणी. उजेड कमी असतो तेव्हा, समोरचं माणूस हलत असतं तेव्हा आणि ते लांब असतं तेव्हा. स्नेहसंमेलनात या तिन्ही गोष्टी एकदम असतात! कमी उजेडात फोन एकामागून एक अनेक फोटो टिपतो आणि ते जोडून एक स्वच्छ फोटो बनवतो. बसलेल्या आजीसाठी ही युक्ती छान चालते. गिरकी घेणाऱ्या मुलीसाठी नाही, कारण प्रत्येक फोटोत ती वेगळ्या जागी असते.

कॅमेऱ्याचा खरा फायदा त्याच्या सेन्सरमध्ये असतो. सेन्सर म्हणजे लेन्समधून आलेला उजेड झेलणारा आतला तुकडा. या बजेटमधल्या कॅमेऱ्यांमध्ये साधारणपणे एपीएस-सी आकाराचा सेन्सर मिळतो. कॅननमध्ये तो २२.३ बाय १४.९ मिलिमीटर, सोनी आणि निकॉनमध्ये साधारण २३.५ बाय १५.६. मध्यम किमतीच्या फोनच्या मुख्य सेन्सरच्या तुलनेत हे क्षेत्रफळ पाच-सहा पट किंवा त्याहून जास्त भरतं. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कशात जास्त जमेल, इतका साधा हिशेब आहे.

मेगापिक्सेलचं एवढं कौतुक नको

दुकानात सगळ्यात आधी सांगितला जातो तो आकडा मेगापिक्सेलचा. त्याचं खरं मोल बघा. ४ बाय ६ इंचांचा अल्बममधला फोटो उत्तम छापायला सुमारे २ मेगापिक्सेल लागतात. ए-फोर आकाराला साडेआठ-नऊ. ४के टीव्हीचा अख्खा पडदा ८.३ मेगापिक्सेलमध्ये भरतो. २४ मेगापिक्सेलचा फोटो २० बाय १३ इंचांचा, म्हणजे दिवाणखान्यात फ्रेम करून लावण्याएवढा छापता येतो. या बजेटमधले बहुतेक कॅमेरे २०-२६ मेगापिक्सेलचेच असतात, त्यामुळे या आकड्यावरून भांडण्यात अर्थ नाही. (कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी १९७५मध्ये बनवलेला पहिला डिजिटल कॅमेरा ०.०१ मेगापिक्सेलचा होता. वजन ३.६ किलो, आणि एक फोटो कॅसेटवर साठवायला २३ सेकंद. आपण उगाच कुरकुरतो.)

उलट, ऑनलाइन पाच-सात हजारांत ‘४८ मेगापिक्सेल, ४के’ असं लिहिलेला अनोळखी नावाचा कॅमेरा दिसला, तर तिथून पुढे सरका. त्यातला सेन्सर सहसा चिमुकला असतो आणि आकडा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो. मुलाला वाढदिवसाची भेट म्हणून हे कॅमेरे खूप विकले जातात आणि तुमचा जुना फोन त्याहून चांगले फोटो काढत असतो.

६० पट-८० पट झूमवाल्या कॅमेऱ्यांबद्दलही थोडं सावध राहा. भर उन्हात पक्षी टिपायला किंवा चंद्राचे फोटो काढायला ते मजेदार असतात. पण त्यातल्या बहुतेकांचा सेन्सर जेमतेम ६ मिलिमीटर रुंदीचा असतो. संध्याकाळच्या हळदीत त्यांचा फारसा उपयोग नाही.

डीएसएलआर की मिररलेस?

माझं मत स्पष्ट आहे. नवा घेत असाल तर मिररलेस. कॅनन आणि निकॉन दोघांचंही नवं काम आता मिररलेसवरच चालू आहे, आणि धावत्या मुलाचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवण्याचं काम हे कॅमेरे फार छान करतात. कॅननचा १५००डी हा डीएसएलआर कित्येक घरांतला पहिला कॅमेरा आहे आणि तो अजूनही चांगले फोटो काढतो. पण त्यात फोकसचे फक्त ९ बिंदू आहेत, स्क्रीन वळत नाही, तिला टच नाही आणि व्हिडिओ फुल एचडीच. त्याची जमेची बाजू म्हणजे बॅटरी. डीएसएलआरची बॅटरी मिररलेसपेक्षा बरीच जास्त टिकते.

मिररलेसमध्ये या बजेटच्या आसपास काही नावं वारंवार कानावर येतील. कॅननचा आर५० (२०२३) कुटुंबासाठी मला सगळ्यात सोयीचा वाटतो. बॅटरी-कार्डासह वजन सुमारे ३७५ ग्रॅम, डोळा लावून बघायची खिडकी आहे, स्क्रीन वळते, टच आहे आणि छोटा फ्लॅशही आहे. त्याचाच धाकटा भाऊ आर१०० स्वस्त पडतो, पण त्याची स्क्रीन ना वळते ना टचला दाद देते. फोनची सवय झालेल्या घरात सगळे त्या स्क्रीनवर बोट आपटत बसतील. सोनीचा झेडव्ही-ई१० आणि निकॉनचा झेड३० हे मुख्यतः व्हिडिओवाल्यांसाठी आहेत. दोन्हींत डोळा लावायची खिडकी नाही आणि फ्लॅशही नाही. भर दुपारी समुद्रकिनाऱ्यावर स्क्रीनवर काय दिसतंय ते कळेनासं होतं, तेव्हा त्या खिडकीची आठवण येते. पण मुलगी यूट्यूबवर कथक शिकवण्याचे व्हिडिओ करत असेल, तर मात्र हेच दोन आधी बघा. सोनीसाठी सिग्मा, टॅमरॉनसारख्या इतर कंपन्यांच्या लेन्सही भरपूर मिळतात, हा एक मोठा मुद्दा.

किमती सणासुदीला आणि सेलमध्ये हजारोंनी हलतात, म्हणून इथे आकडे देत नाही. पण एकच मॉडेल तीन ठिकाणी विचारल्याशिवाय घेऊ नका.

खरा खर्च लेन्सवर करा

सगळ्यात जास्त निराशा इथे होते. आपण कॅमेरा घेतो, त्याबरोबर १८-४५ किंवा १८-५५ची किट लेन्स येते, आणि स्नेहसंमेलनात दहाव्या रांगेतून फोटो काढला की मूल अंगठ्याएवढं दिसतं. कारण सरळ आहे. ५० फुटांवरून ४५ मिमीला सुमारे २५ फूट रुंदीचं दृश्य फ्रेममध्ये येतं, म्हणजे अख्खं स्टेज. त्याच जागेवरून २१० मिमीला साधारण सव्वापाच फूट येतं. कॅमेरा उभा धरला तर एक मूल डोक्यापासून पायापर्यंत नीट बसतं. तेव्हा स्टेज हाच तुमचा मुख्य प्रश्न असेल, तर दोन लेन्सचा किट घ्या. आर५० हा १८-४५ आणि ५५-२१० अशा जोडीतही विकला जातो. स्टेजवर शटर १/२५० सेकंदाच्या आसपास ठेवा आणि आयएसओ ३२०० किंवा ६४०० पर्यंत जाऊ द्या. फोटोत थोडी रवाळ दाणेदार छटा येईल, येऊ द्या. दाणेदार पण स्पष्ट चेहरा हा गुळगुळीत पण हललेल्या चेहऱ्यापेक्षा केव्हाही चांगला.

‘लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे, फोटो हलणार नाही’ असं दुकानदार सांगतो, ते अर्धंच खरं. ते तुमच्या हाताचा थरथराट सावरतं. समोरची मुलगी नाचायची थांबत नाही.

तुमचा प्रश्न स्टेजचा नसून घराचा असेल, तर वेगळी लेन्स लागते. समजा, आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. निरांजनांचा उजेड, औक्षणाचं ताट, दहा बाय बाराची खोली आणि त्यात तीस माणसं. किट लेन्स पुढे सरकवली की तिचं तोंड एफ ५.६ किंवा त्याहूनही लहान होतं. एफ १.८ची लेन्स एफ ५.६च्या तुलनेत जवळजवळ दहापट उजेड आत घेते. निरांजनाच्या सोनेरी प्रकाशातला आजोबांचा चेहरा फ्लॅश न उडवता मिळतो तो या लेन्समुळे.

इथे सगळे ५० मिमी एफ १.८ सुचवतात, कारण ती स्वस्त आणि सुंदर आहे. मात्र आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये तिची एक अडचण आहे. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिमीने दहा फुटांवरून जेमतेम साडेचार फूट रुंदीचं दृश्य मिळतं. एकट्या आजोबांचा फोटो अप्रतिम येईल, पण त्यांच्या बाजूला आजी आणि ओवाळणारी नात घ्यायची तर तुम्हाला मागे जिन्यात जाऊन उभं राहावं लागेल. घरात वापरायला ३५ मिमीच्या आसपासची लेन्स बरी. तिच्यात त्याच अंतरावरून साडेसहा फुटांच्या जवळपास मावतं.

थोडक्यात, साठ हजार सगळे कॅमेऱ्याच्या बॉडीवर उधळू नका. जरा साधी बॉडी आणि एक उजेडाची लेन्स ही जोडी, महागडी बॉडी आणि नुसती किट लेन्स यापेक्षा घरी जास्त कामाला येते. चार-पाच हजार वेगळे ठेवा. व्ही३० असं छापलेलं ६४ जीबीचं चांगल्या कंपनीचं कार्ड, एक जादा बॅटरी आणि साधी बॅग त्यातून होईल, निदान बरीचशी होईल.

सेकंड हँड घ्यावा का?

जरूर घ्यावा, पण हातात घेऊन बघितल्याशिवाय नाही. लेन्स काढून तिच्या एका बाजूने फोनचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, लेन्स परत करा. लेन्स एफ १६ला ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ करता येते, पण किंमत कमी करून घ्यायला चांगलं निमित्त आहे. कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले, म्हणजे शटर काउंट किती, हे विचारा. साध्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण एक लाखापर्यंत टिकेल असं धरतात, तेव्हा ऐंशी हजार झालेला कॅमेरा लग्नाच्या फोटोग्राफरचा असणार हे ओळखा. बॅटरी फुगलेली नाही ना तेही बघा. मूळ बिल मागा आणि त्यावरचा सिरियल नंबर कॅमेऱ्याच्या तळावरच्या नंबराशी जुळवा.

माझ्या वयाच्या मुलामुलींमध्ये सध्या वीस वर्षांपूर्वीचे छोटे डिजिकॅम घेण्याची लाट आहे. त्यासाठी ऑनलाइन पैसे घालवण्याआधी घरचा माळा तपासा, एखादा सापडायची चांगली शक्यता आहे. एवढंच की अगदी जुन्या मॉडेलमध्ये २ जीबीपर्यंतचंच कार्ड चालतं. आजचं ६४ जीबीचं कार्ड घातलं की तो नुसती एरर दाखवतो.

बिल, वॉरंटी आणि दमट हवा

१ जानेवारी २०१९पासून डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दुकानदार ‘बिल नको असेल तर स्वस्तात देतो’ म्हणतो, तेव्हा बरेचदा हेच १८ टक्के वाचवत असतो, किंवा माल परदेशातून मागच्या दाराने आलेला असतो. अशा कॅमेऱ्याला कंपनीची भारतातली वॉरंटी मिळत नाही. पाच-सात हजारांसाठी ही जोखीम घेऊ नये असं मला वाटतं. खोकं दुकानातच उघडा, खोक्यावरचा, वॉरंटी कार्डावरचा आणि कॅमेऱ्यावरचा नंबर एक आहे का बघा, आणि दहा-बारा फोटो तिथेच काढा.

घरी आल्यावर ज्याला त्याला तो हाताळू द्या. ‘बाबांचा कॅमेरा, हात लावू नका’ झालं की तो कपाटात गेलाच म्हणून समजा. फोटो फोनवर आणायला कंपन्यांची अ‍ॅप असतात, पण त्यांतून येणारी प्रत पूर्ण आकाराची आहे का हे सेटिंगमध्ये तपासा. उदाहरणार्थ, निकॉनच्या स्नॅपब्रिजमध्ये आपोआप येणारी प्रत २ मेगापिक्सेलची असते. ती शेअर करायला ठीक, पण ती आली म्हणून कार्ड पुसू नका. मूळ फोटो महिन्यातून एकदा लॅपटॉपवर आणि शिवाय एका वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा.

राहता राहिली हवा. जयपूर किंवा बिकानेरच्या घरात मुख्य शत्रू धूळ असते, तिथे उघड्यावर लेन्स बदलू नका. मुंबई, रत्नागिरी, पणजी, कोलकाता, चेन्नई इथे शत्रू बुरशी. कॅमेरा त्याच्या कातडी बॅगेत घालून पावसाळाभर बंद कपाटात ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. रंग बदलणारं निळं जेल गुलाबी झालं की पुड्या बदला, आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘कॅमेरा’ लिहून ठेवा, नाहीतर कुणीतरी त्यात पोहे भरेल.