लिटरला ५ किलोमीटर देणारा जुना पिकअप ट्रक अमेरिकन लोक मोडीत का काढत नाहीत?

आपल्याकडे कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात जायच्या आधी एक प्रश्न ठरलेला असतो, "ॲव्हरेज किती देते?"

माझा मावसभाऊ अमेरिकेत डॅलसजवळ राहतो. दादानं तिथं एक सेकंडहँड पिकअप ट्रक घेतला. वीस वर्षं जुना, ५.३ लिटरचं व्ही८ इंजिन, मागं लांबलचक हौदा. फॅमिली ग्रुपवर फोटो पडला आणि मामांनी लगेच ॲव्हरेज विचारलं. दादाचं उत्तर आलं, "बारा."

मामा म्हणाले, "एवढ्या धुडाच्या मानानं बरंय की!"

मग दादानं खुलासा केला. बारा किलोमीटर नाही, बारा मैल. आणि लिटरला नाही, गॅलनला. कुणीतरी गुगल करून टाकलं, लिटरला ५ किलोमीटर. पुढची दहा मिनिटं ग्रुपवर शांतता होती. त्यानंतर मामांचा व्हॉइस मेसेज आला, "अरे, विकून टाक तो आधी."

मामांचं चुकलं का? तर अर्धं. पण कुठलं अर्धं, ते कळायला या ट्रकांचा हिशोब नीट बघावा लागतो.

अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा आणि मैल १.६०९ किलोमीटरचा. त्यामुळे तिथला मैल-प्रति-गॅलनचा आकडा ०.४२५ नं गुणला की आपलं ॲव्हरेज निघतं. १२ म्हणजे ५.१, १५ म्हणजे ६.४ आणि २० म्हणजे ८.५ किलोमीटर लिटरला. नव्वदच्या दशकातले आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतले फोर्ड एफ-१५०, शेवरोले सिल्व्हराडो, डॉज रॅम हे ट्रक व्ही८ इंजिन आणि फोर-व्हील ड्राइव्हसह घेतले, तर ईपीए या सरकारी संस्थेचे आकडे साधारण १३ ते १५ मैलांच्या आसपास येतात. शहरात त्याहून कमी.

हे झालं तुलनेनं लहान ट्रकांचं. शेवरोलेचं ४५४ नावाचं ७.४ लिटरचं इंजिन, फोर्डचं ४६० म्हणजे ७.५ लिटरचं, डॉजचं तर ८ लिटरचं व्ही१०. ही इंजिनं बहुतेक करून हेवी-ड्युटी ट्रकांमध्ये बसायची. आणि गंमत म्हणजे या ट्रकांना सरकारी ॲव्हरेजच नाही. ट्रक आणि त्यात भरता येणारा माल मिळून वजन ८,५०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३,८५५ किलोच्या वर गेलं, की ईपीएचं ॲव्हरेजचं लेबल लावायची सक्तीच नव्हती. त्यामुळे असा जुना ट्रक घेणाऱ्याला "किती देतो" याचं उत्तर फक्त आधीचा मालक देऊ शकतो. आणि गाडी विकणारा माणूस ॲव्हरेजबद्दल किती खरं बोलतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

लेबल असलेल्या ट्रकांचाही एक घोळ आहे. २००८ च्या मॉडेलपासून ईपीएनं मोजायची पद्धत बदलली. जोरात चालवणं, एसी लावणं आणि थंडीत चालवणं हे सगळं चाचणीत धरलं आणि जुन्या गाड्यांचे आकडेही त्या हिशोबानं खाली आणले. म्हणून २००३ च्या ट्रकच्या काचेवर तेव्हा चिकटवलेला आकडा आणि आज ईपीएच्या वेबसाइटवर दिसणारा आकडा जुळत नाही. वेबसाइटवरचा धरायचा.

इंजिन मोठं असलं की पेट्रोल का पितं?

"ताकद जास्त म्हणून पेट्रोल जास्त" हे उत्तर बरोबर वाटतं, पण खरी भानगड उलटी आहे. ताकद जास्त असते आणि ती वापरलीच जात नाही, म्हणून पेट्रोल जातं.

असा ट्रक ताशी ९५ च्या वेगानं सपाट रस्त्यावर रिकामा चालला असेल तर त्याला ३०-३५ हॉर्सपॉवर पुरते. इंजिनात असते अडीचशे-तीनशे. पेट्रोल इंजिनात ताकद कमी करायची म्हणजे आत जाणारी हवा अडवायची. त्यासाठी एक झडप असते, तिला थ्रॉटल म्हणतात. ती जवळपास बंद असताना आठही पिस्टन त्या फटीतून हवा ओढत राहतात. बारीक स्ट्रॉमधून घट्ट मिल्कशेक ओढताना गाल दुखतात ना, तसंच. त्या ओढण्यात पेट्रोल खर्च होतं आणि गाडी त्यानं इंचभरही पुढं जात नाही. शिवाय आठ सिलिंडरचं घर्षण आहेच. पुढं कंपन्यांनी यावर तोडगा काढला. जनरल मोटर्सच्या २००७ च्या नव्या पिढीतल्या ५.३ लिटर पिकअपमध्ये गरज नसताना चार सिलिंडर बंद व्हायला लागले. फोर्डनं २०११ मध्ये एफ-१५० ला टर्बोचं व्ही६ दिलं आणि २०१५ मध्ये बॉडी ॲल्युमिनियमची करून ७०० पौंडांपर्यंत, म्हणजे तीनशे किलोच्या वर वजन उतरवलं. दादाच्या ट्रकला यातलं काहीच नाही.

रोजच्या वापरात हे आणखी नडतं. दोन-सव्वादोन टनांचं धूड सिग्नलला थांबतं, परत उचलतं, परत थांबतं. उचलायला घातलेली सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये गरम होऊन जाते. नुसतं उभं राहिलं तरी इंजिनाच्या आकारानुसार तासाला पाव ते अर्धा गॅलन, म्हणजे एक ते दोन लिटर पेट्रोल जातं. सकाळी पोरांना शाळेत सोडायला आणि कॉफी आणायला निघालेला ट्रक तर गरम होण्याआधीच घरी परत येतो. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आकडा आहे की कडाक्याच्या थंडीत, तीन-चार मैलांच्या छोट्या फेऱ्यांत साध्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज २४ टक्क्यांपर्यंत पडू शकतं.

मग हायवेला तरी सुख असेल? तिथं हवा आडवी येते. पिकअपचं तोंड कपाटासारखं असतं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे ५५ मैलांवरून ७५ मैलांवर गेलं की तो दुपटीच्या जवळ पोचतो. आणि टेक्सासमध्ये ७५ ही मामुली गोष्ट आहे, तिथल्या एका टोल रोडवर तर ८५ मैलांची, म्हणजे १३७ किलोमीटरची मर्यादा आहे. काही जण मागचं फाळकं उघडं टाकून चालवतात, हवा निघून जाईल म्हणून. त्याचा फायदा नाही. फाळकं बंद असलं की हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून बसतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकून जाते. उघडं टाकलं की तोच भोवरा मोडतो.

असे ट्रक बनू कसे दिले?

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेनं १९७५ मध्ये ॲव्हरेजचा कायदा केला. कारसाठी १९८५ पर्यंत २७.५ मैलांचं टार्गेट ठेवलं. पण पिकअप हे शेतकऱ्याचं, गवंड्याचं, कामाचं वाहन, म्हणून त्याचा नियम वेगळा आणि ढिला. १९९६ ते २००४ पर्यंत ट्रकांसाठी आकडा होता २०.७, आणि तोही प्रयोगशाळेतला. वर १९६४ पासून बाहेरून येणाऱ्या ट्रकांवर २५ टक्के आयात कर आहे. तो लागला होता कोंबड्यांच्या भांडणातून. युरोपनं अमेरिकन कोंबडीवर कर वाढवला, अमेरिकेनं बदल्यात ट्रकवर लावला. कोंबडीचा वाद विरला, ट्रकवरचा कर राहिला. त्यामुळे बाहेरच्या लहान, कमी पिणाऱ्या पिकअपना तिथं हातपाय पसरणं अवघड गेलं. फोर्डची एफ-सिरीज १९७७ पासून तिथला सगळ्यात जास्त विकला जाणारा ट्रक आहे. आणि एकदा घेतलेला ट्रक तिथं दोन-अडीच लाख मैल पळवतात.

आता मामांच्या मुद्द्याकडे. विकावा का?

इथं आपलं डोकं फसतं. २००८ मध्ये रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोन संशोधकांनी सायन्स या जर्नलमध्ये हेच दाखवलं. मैल-प्रति-गॅलन बघून लोक बचतीचा अंदाज चुकवतात. आपलं किलोमीटर-प्रति-लिटर तसंच फसवतं.

वर्षाला १२,००० मैल धरा. ट्रक १२ वरून १५ वर गेला, फक्त ३ मैलांचा फरक. आधी १,००० गॅलन लागायचे, आता ८००. वाचले २००. शेजाऱ्यानं ३० ची कार देऊन ४० ची घेतली, १० मैलांचा फरक. आधी ४००, आता ३००. वाचले १००. फुशारकी शेजारी मारणार, पण पेट्रोल दुप्पट वाचवलं ट्रकवाल्यानं. म्हणून २०१३ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या लेबलवर १०० मैलांना किती गॅलन, हेही छापतात.

हे लक्षात घेतलं की २००९ च्या 'कॅश फॉर क्लंकर्स' योजनेतला एक नियम वेडगळ वाटत नाही. जुनी पिणारी गाडी द्या आणि नव्या गाडीवर ३,५०० किंवा ४,५०० डॉलर घ्या, अशी ती योजना. कारला ३,५०० साठी ४ मैलांची सुधारणा लागायची. मोठ्या पिकअपला १ मैलात ३,५०० आणि २ मैलांत पूर्ण ४,५०० मिळायचे. तेव्हा लोक हसले. पण त्याच १२,००० मैलांवर १३ ते १५ केलं तर १२३ गॅलन वाचतात आणि १८ ते २२ केलं तर १२१. (१ मैलाला ३,५०० मात्र मलाही जास्तच वाटतात.) साधारण ६ लाख ८० हजार गाड्या त्यात गेल्या. परत रस्त्यावर येऊ नयेत म्हणून ऑइल काढून इंजिनात सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचे आणि इंजिन जाम होईपर्यंत चालवायचे. यूट्यूबवर त्याचे व्हिडिओ आहेत. इंजिनांवर जीव असणाऱ्यांनी बघू नयेत.

पण गॅलन वाचणं आणि पैसे वाचणं वेगळं. पेट्रोल साडेतीन डॉलर गॅलन धरू. १२ चा जुना ट्रक देऊन २० चा नवा घेतला तर १२,००० मैलांवर ४०० गॅलन, म्हणजे वर्षाला १,४०० डॉलर वाचतात. नवा फुल साइज पिकअप सहज ५० हजार डॉलरच्या घरात जातो. जुन्याचं कर्ज फिटलंय, नव्याचा हप्ता दर महिन्याला. आणि ट्रक वर्षाला ३,००० मैलच फिरत असेल तर वाचतात जेमतेम ३५० डॉलर. म्हणून लोक तो मोडीत काढत नाहीत. अडचण होते ती तोच ट्रक रोज एकट्यानं ऑफिसला नेणाऱ्याची. २०२२ च्या जूनमध्ये तिथं पेट्रोलची देशभरातली सरासरी ५ डॉलरच्या वर गेली, तेव्हा अशा माणसाचं १,००० गॅलनचं बिल ५,००० डॉलरच्या हिशोबानं पळत होतं.

विकायच्या आधी मोजायला मात्र हवं. टाकी फुल, ओडोमीटरचा आकडा लिहा, पुढच्या वेळी परत फुल, मैल भागिले गॅलन. असं किमान तीनदा. जुन्या ट्रकला अनेकदा मोठे टायर घातलेले असतात. ३० इंचांच्या जागी ३३ घातले तर ओडोमीटर साधारण ९ टक्के कमी दाखवतो आणि ट्रक आहे त्यापेक्षा जास्त पिणारा वाटतो. टायरमधली हवा एक पीएसआय कमी असली तर ०.२ टक्के जातात, म्हणजे फार नाही. खराब ऑक्सिजन सेन्सर मात्र बघाच, तो बदलून ४० टक्क्यांपर्यंत सुधारणा होऊ शकते असं अमेरिकी सरकारचीच वेबसाइट सांगते. कार्बोरेटरवाल्या फार जुन्या ट्रकला स्वच्छ एअर फिल्टरनं २ ते ६ टक्के मिळू शकतात. इंजेक्शनवाल्याला त्यानं ॲव्हरेजमध्ये काही फरक पडत नाही. आणि तिथल्या पेट्रोलमध्येही बहुतेक ठिकाणी १० टक्के इथेनॉल असतं, त्यानं ३ टक्के जातात. आपल्याकडे ई-२० वरून चाललेला वाद दादाला मी समजावून सांगितला, तर तो म्हणाला, "बारातले तीन टक्के मला दिसतसुद्धा नाहीत."

दादानं तीन टाक्या मोजल्या. आकडा १२ च्याच आसपास आला. ट्रक त्यानं ठेवलाय. ऑफिससाठी ३० मैल देणारी एक जुनी सेडान बघतोय. वर्षाचे ९,००० मैल त्यावर आणि शनिवार-रविवारचे ३,००० ट्रकवर, असा त्याचा हिशोब आहे. १,००० गॅलनचे ५५० होतात, साधारण १,५७५ डॉलर सुटतात. त्यातून दुसऱ्या गाडीचा इन्शुरन्स आणि रजिस्ट्रेशन वजा करायचंय. इन्शुरन्सचं कोटेशन अजून आलेलं नाही, आणि मामांनी ग्रुपवर परत विचारलंय, "सेडान ॲव्हरेज किती देते?"