वाटेंतला विमानतळ आणि देशाचा उंबरठा

मुंबईहून अमेरिकेंतील कोलंबस शहरीं मुलाकडे निघालेल्या वृद्ध आईबापांच्या तिकिटावर बहुधा चार नांवें असतात: मुंबई, फ्रँकफुर्ट, शिकागो आणि कोलंबस. घरच्या मंडळींचें सारें लक्ष पहिल्या आणि शेवटच्या नांवाकडे लागलेलें असतें. मधलीं दोन नांवें म्हणजे आगगाडीच्या प्रवासांतील मनमाड किंवा दौंड. तेथें उतरावयाचें, गाडी बदलावयाची आणि पुढें जावयाचें, अशी सर्वसाधारण समजूत असते. हें साम्य फसवें आहे. दौंडास गाडी बदलणाऱ्याला ‘तूं कोण, आणि या प्रांतांत कां आलास’ असें कोणी विचारीत नाहीं. वाटेंतल्या विमानतळांवर हा प्रश्न उभाच असतो; मात्र फ्रँकफुर्टला तो बहुधा विचारला जात नाहीं आणि शिकागोला तो टळत नाहीं. हा भेद कां पडतो हें ध्यानांत आलें, म्हणजे विमान बदलण्याचें पुष्कळसें भय नाहींसें होतें. आणि जें थोडें उरतें तें कोठें बाळगावें हेंहि कळतें.

योगायोग असा कीं, या विषयाचा पाया शिकागो शहरींच घातला गेला. महायुद्ध चालू असतांनाच, ७ डिसेंबर १९४४ रोजीं, ५२ राष्ट्रांनीं तेथें नागरी विमानवाहतुकीच्या करारावर सह्या केल्या. ४ एप्रिल १९४७ पासून तो अंमलांत आला. त्याच्या तेराव्या कलमाचा आशय असा कीं, ज्या देशांत विमान येईल त्या देशाचे प्रवेशाचे, पासपोर्टाचे आणि जकातीचे नियम प्रवाशांनीं पाळले पाहिजेत. आकाशमार्ग कितीहि मोकळा झाला तरी दार ज्याचें त्याच्या हातीं राहिलें. तें दार विमानतळाच्या कोणत्या भिंतींत बसवावयाचें, हें प्रत्येक देश आपल्यापुरतें ठरवितो.

जर्मनीनें तें बरेंच आंत बसविलें आहे. फ्रँकफुर्टला उतरून अमेरिकेच्या विमानांत चढणारा प्रवासी पासपोर्टाच्या खिडकीपर्यंत जातच नाहीं. हातांतील सामान कदाचित् पुन्हां तपासलें जाईल, बरेंच चालावें लागेल, इतकेंच. कांहीं राष्ट्रांच्या नागरिकांकडून अशा आंतल्या आंत जाण्यासाठींहि विमानतळापुरता व्हिसा मागण्याची तेथें तरतूद आहे. परंतु वैध अमेरिकन व्हिसा जवळ असणाऱ्यास युरोपीय नियमानें त्यांतून सूट मिळते. तोच प्रवासी फ्रँकफुर्टहून पॅरिसला जाणार असेल, तर मात्र चित्र पालटतें. जर्मनी आणि फ्रान्स हे दोन्ही देश २९ देशांच्या शेंगेन गटांत आहेत, आणि त्या गटाचा पहिला विमानतळ हाच सर्वांचा उंबरठा. मग तपासणी फ्रँकफुर्टलाच होते. पॅरिसला उतरणें म्हणजे नागपूरहून मुंबईस उतरण्यासारखें.

या आंतल्या भागाविषयीं एक विलक्षण समजूत रूढ आहे: ती भूमि कोणाचीच नव्हे! १९९२ सालच्या मार्चमध्यें चार सोमाली भावंडांना पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर वीस दिवस अडवून ठेवण्यांत आलें होतें. प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलें, आणि १९९६ सालीं त्या न्यायालयानें स्पष्ट सांगितलें कीं, नांव ‘आंतरराष्ट्रीय विभाग’ असलें तरी ती फ्रान्सचीच भूमि आहे आणि तेथें फ्रान्सचाच कायदा चालतो. मेहरान करीमी नासेरी या इराणी गृहस्थाची पॅरिसच्याच दुसऱ्या विमानतळावरील कहाणी याहून उदास. कागदपत्रांच्या घोळांत सांपडलेला हा मनुष्य १९८८ पासून २००६ पर्यंत तेथें राहिला. आणि अखेरीस २०२२ सालीं त्याच विमानतळावर त्याला मृत्यु आला.

अमेरिकेनें असा आंतला भाग ठेवलेलाच नाहीं. तिकीट कोलंबसचें असो वा पुढें मेक्सिकोचें. जेथें विमान प्रथम टेकलें तेथेंच देशांत प्रवेश करावयाचा. म्हणून आईबापांची खरी परीक्षा शिकागोला. तेथील अधिकारी छायाचित्र घेतो, बोटांचे ठसेहि घेऊं शकतो आणि कोठें, कोणाकडे, किती दिवस हें विचारतो. व्हिसा हा दारापर्यंत येण्याचा परवाना. आंत घेणें न घेणें या खिडकीवर ठरतें. राहण्याची मुदतहि येथेंच पडते. भेटीसाठीं आलेल्यास ती सामान्यतः सहा महिन्यांची मिळते, आणि तिची नोंद सरकारी दप्तरांत विद्युत्-यंत्रावर होते. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी दहा वर्षें राहण्याची मुभा मिळाली असें नव्हे. हा घोटाळा सुशिक्षित घरांतूनहि होतो, आणि त्याची किंमत पुढील व्हिशाच्या वेळीं मोजावी लागते.

खिडकीनंतर सामान. बॅगांवर ‘कोलंबस’ अशी चिठ्ठी डकवलेली असली तरी सामान्यतः त्या शिकागोच्या पट्ट्यावरून उचलाव्या लागतात, जकातीच्या अधिकाऱ्यांसमोरून न्याव्या लागतात आणि बाहेर पडतांच दुसऱ्या पट्ट्यावर पुन्हां सोडाव्या लागतात. फ्रँकफुर्टला घेतलेली अत्तराची मोठी बाटली याच वेळीं बॅगेंत घालावी. पुढच्या सुरक्षा-तपासणींत ती हातांत राहणार नाहीं. आणि हापूस आंबा? विकिरण केलेल्या भारतीय आंब्याला अमेरिकेनें २००७ सालीं दार उघडलें, लासलगांवच्या केंद्रांतून त्याची रवानगीहि झाली. परंतु ती व्यापारी मालाची गोष्ट. आईच्या पिशवींतला आंबा जकातीपाशींच राहतो. लाडू-चिवडा असेल तर तसें सांगून टाकावें. लपविलेल्या जिनसापेक्षां सांगितलेला जिन्नस केव्हांहि बरा.

हें सारें उरकून पुढची सुरक्षा-तपासणी आणि विमानतळाच्या आगगाडीनें दुसरी इमारत गांठावयाची, म्हणजे दीड तासाची सवड अपुरी ठरूं शकते. विमानकंपन्या ज्या किमान अवधीवर दोन विमानांची सांगड घालून देतात तो विमानतळागणिक निराळा असतो. व्हिएन्नाचा विमानतळ तर २५ मिनिटांची प्रौढी मिरवितो. हा हिशेब धडधाकट माणसाचा आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंनीं तीन तास धरावे आणि चाकाची खुर्ची तिकीट काढतांनाच मागून ठेवावी. त्यांत कमीपणा कसला?

परंतु वेळेहूनहि मोठा प्रश्न तिकिटाचा. सर्व टप्पे एकाच तिकिटावर असतील आणि पहिलें विमान उशिरा पोंचल्यामुळें दुसरें चुकलें, तर पुढें पोंचविण्याची जबाबदारी कंपनीकडे राहते. युरोपीय न्यायालयानें तर २०१३ सालीं असें ठरविलें कीं, उशीर मोजावयाचा तो शेवटच्या मुक्कामीं. त्या खटल्यांतील बाई जर्मनींतील ब्रेमेनहून अडीच तासांच्या आंतल्या विलंबानें निघाल्या होत्या; पुढचीं विमानें चुकत चुकत पाराग्वेच्या राजधानींत त्या अकरा तास उशिरा पोंचल्या, आणि भरपाईस पात्र ठरल्या.

थोडे पैसे वांचतात म्हणून जे मुंबई–फ्रँकफुर्ट एका कंपनीचें आणि फ्रँकफुर्ट–शिकागो दुसऱ्या कंपनीचें अशीं स्वतंत्र तिकिटें घेतात, त्यांना हें संरक्षण उरत नाहीं. शिवाय एक अदृश्य खड्डा आहे. अशा वेळीं सामान पुष्कळदां फ्रँकफुर्टपर्यंतच जातें. तें घेण्यासाठीं पासपोर्टाची खिडकी ओलांडली पाहिजे, आणि शेंगेन व्हिसा नसेल तर ती ओलांडतां येत नाहीं. हें मुंबईच्या खिडकीवर उघडकीस आलें तर प्रवास तेथेंच थांबतो. कारण कागदपत्रें अपुरीं असलेला प्रवासी नेल्यास त्याला परत आणण्याचा भार कंपनीवर पडतो. वाटेंत सामान बदलावें लागेल काय, एवढा एक प्रश्न तिकीट काढण्यापूर्वीं विचारला तर हा प्रसंग टळतो.

अबूधाबीमार्गें जाणाऱ्यांसाठीं क्रम उलटा आहे. जानेवारी २०१४ पासून अमेरिकेचे अधिकारी तेथेंच बसून पासपोर्ट आणि जकात दोन्ही तपासतात. पुढें अमेरिकेंत उतरणारा प्रवासी देशांतल्या देशांत आल्यासारखा उतरतो. तेव्हां सवड हवी ती अबूधाबीला.

परतीच्या वाटेवर अमेरिकेंत पासपोर्टावर निघाल्याचा शिक्का मारणारी खिडकी भेटत नाहीं. निघाल्याची नोंद विमानकंपनीच्या यादीवरून होते. आणि मुंबईस उतरून नागपूरला जाणाऱ्याचें स्वदेशीं येणें सामान्यतः मुंबईसच होतें: पासपोर्ट तेथें, बॅगा तेथें, जकात तेथें, आणि मगच नागपूरचें विमान.