एका कागदावरील तीन सह्या

सप्टेंबर 2025 मध्ये परांडा, भूम या तालुक्यांत अतिवृष्टी होऊन, एरवी आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या धाराशिव जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण मुलखात उभे सोयाबीन पाण्याखाली गेले, तेव्हा गावोगाव एकच शब्द ऐकू येऊ लागला: पंचनामा. हा शब्द आपण इतक्या सहजपणे, पुष्कळदा थट्टेनेही वापरतो, की पाहणारे एकाहून अधिक असावेत आणि पाहिले ते त्यांनी एकाच कागदावर नमूद करावे, हा त्यातील विचार ध्यानीच येत नाही.

पीकनुकसानीचा संयुक्त पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी करावयाचा असतो. एक महसूल खात्याचा, दुसरा ग्रामविकासाचा, तिसरा कृषी खात्याचा. तिघांचे वरिष्ठ निराळे, दफ्तरे निराळी. जमीन कोणाच्या नावे हे गाव नमुना सात सांगतो आणि तीत पीक कोणते हे बारा सांगतो. परंतु शेंगेतच दाण्याला कोंब फुटल्यावर त्या पिकातून हाती काय लागणार, याची नोंद तलाठ्याच्या दफ्तरात नसते, ती कृषी सहायकाच्या नजरेत असते. आणि सात-बारावरील खातेदार पोटासाठी पुण्याला असून रान प्रत्यक्षात भाऊबंदच कसतो, ही गोष्ट बहुधा ग्रामसेवकाच्या कानावर असते. शासकीय मदतीसाठी किमान 33 टक्के नुकसान ही मर्यादा असल्यामुळे, बांधावर उभे राहून केलेल्या अंदाजातील दोन-चार टक्क्यांच्या फरकाने एखाद्या कुटुंबाचे नाव यादीत येते किंवा वगळले जाते. एवढे ओझे एकट्याच्या नजरेवर टाकू नये, यातच शहाणपण आहे.

याउलट, तिघांनी आपापल्या सवडीने येऊन आपापली यादी केली, तर याद्या जुळत नाहीत, आणि ‘हे आमच्या टेबलाचे काम नव्हे’ हे आपल्या कचेऱ्यांतील चिरपरिचित वाक्य ऐकत शेतकऱ्याला तालुक्याला हेलपाटे घालावे लागतात. बांधावर मतभेद होतच नाहीत असे नव्हे. परंतु पीक समोर असताना झालेला वाद चिखलात चार पावले पुढे जाऊन मिटतो, तोच वाद कागदावर गेला की महिनोन् महिने टपाल हिंडते. सहकार्य म्हणजे होस हो मिळविणे नव्हे. आपल्याला दिसले ते दुसऱ्यासमोर, वेळेवर मांडणे होय. शिवाय प्रत्येकाची सही आपापल्या हुद्द्यासह असल्याने, सर्वांचे काम ते कोणाचेच नाही, ही पळवाटही उरत नाही.

आपल्या कुणब्याला हे तत्त्व नवे नाही. एकाच बैलाचा धनी दुसऱ्याशी सावड करून औत जुंपतो, इर्जिकीला सारा गाव एकाच्या रानात उतरतो. आणि आज माझ्या शेतात आलेल्याच्या शेतात उद्या मला जावयाचे आहे, हा हिशेब कोणत्याही वहीत न लिहिता पाळला जातो. आपल्या कचेरीत, शाळेत वा कारखान्यात संघभावनेवर व्याख्याने ठेवण्यापूर्वी वाचकांनी एवढेच पाहावे, की तेथील माणसे एका बांधावर कधी एकत्र उभी राहतात काय, आणि एकाच कागदाखाली सही करतात काय.